पेटीतला शेला

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात शेला एकच होता. पांघरायला साधे कपडे सगळ्यांकडे होते, पण नवरीच्या खांद्यावर घालायचा रेशमी शेला एकच, आणि तो कुणा एकाचा नव्हता. सगळ्या गावाचा होता. गावातली प्रत्येक लेक तोच शेला पांघरून बोहल्यावर उभी राहायची. त्याच्या पदराला नवऱ्या मुलाच्या उपरण्याची गाठ बांधायची आणि पाठवणीच्या वेळी वेशीवर शेला उतरवून परत आणायचा. सुना बाहेरगावच्या. त्यांच्या अंगावर तो कधी येत नसे.

हा शेला एका लाकडी पेटीत असे आणि पेटी दरवर्षी नव्या घरी जाई. ज्या घरी पेटी, त्या घराचा मान मोठा. पण काम सोपं नव्हतं. पेटीत कडुलिंबाचा सुकवलेला पाला अंथरायचा, वाळा मलमलीत बांधून घडीत ठेवायचा, आणि पाऊस सरला की शेला अंगणात, सावलीला, वाऱ्यावर पसरायचा. लग्नाच्या दिवशी गावातली सगळ्यांत म्हातारी बाई शेला नाकाशी धरायची. तिला सगळे थोरली आई म्हणत. तिने मान डोलावली की पुढचं सगळं सुरळीत.

आणि कुबट वास आला तर? तर त्या घरी पुन्हा पेटी नाही, आणि त्या घरच्या लेकीला शेलाही नाही. असे नियम कोण करतं कुणास ठाऊक. करणारे मरून जातात आणि बाकीचे पाळत बसतात.

त्या वर्षी पेटी गोजराच्या घरी आली. गोजरा म्हणजे त्या घरची एकुलती एक सून. तिची लेक अजून रांगत होती. घरात सासू होती आणि सासूचा धाक होता. आता सासूने कधी तिच्यावर हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. ती नुसती बघायची, आणि तेवढ्यानेच गोजराच्या हातातलं भांडं निसटायचं. अशा सासूने पेटीची किल्ली आपण होऊन सुनेच्या हातात दिली. "तू बघ आता," एवढंच म्हणाली.

श्रावणात एकदा सगळी माणसं रानात गेली होती. लेक झोपली होती. गोजराने पेटी उघडली, उगाच, नुसतं बघायला. मग शेल्यावरून हात फिरवला. मग मनाशी म्हणाली, खांद्यावर घेतला तर काय झिजणार आहे? तिच्या लग्नात तिला साधं लुगडं होतं. तिने शेला पांघरला, आणि पांघरला तर दिसतोय कसा ते नको का बघायला? घरात आरसा नव्हता. परसात पाण्याने भरलेलं घंगाळ होतं. गोजरा त्यावर वाकली, आणि पदर खांद्यावरून घसरून पाण्यात गेला.

झालं होतं ते एवढंच. पदर भिजला होता. पडवीत दोरी होती, वारा होता. पण दोरी समोरच्या अंगाला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणारी. कुणीही विचारलं असतं, पेटीतला शेला भिजला कसा गं? मग काय सांगायचं, की सून असून मी तो मिरवून बघितला?

तेवढ्यात फाटकाशी सासूचा खोकला ऐकू आला. तिने पदर पिळला, शेल्याची घडी घातली, पेटीत कोंबली आणि कुलूप लावलं. उद्या वाळवीन, असं तिने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे होते. नंतर झड लागली. पुढे पुढे तर तो शेला बाहेर काढणं जास्तच अवघड होऊन बसलं. पहिल्या दिवशी नुसतं भिजला कसा एवढंच सांगावं लागलं असतं. आता इतके दिवस गप्प का बसलीस, याचंही उत्तर द्यावं लागणार होतं.

मग वास यायला लागला.

आधी अगदी बारीक, पेटीला नाक लावलं तरच कळेल असा. गोजराने झाकण किलकिलं करून आत कापूर टाकला. चार दिवस बरे गेले. पुन्हा वास आला तेव्हा तिने दवणा टाकला, मग नागरमोथा, मग जत्रेतून आणलेलं केवड्याचं अत्तर. पण खालची ओल काही हटेना. ती केवड्यातूनही वर यायची. ओल्या पोत्यासारखा तो वास गोजराला आता भाकरीला यायचा, स्वतःच्या हातांना यायचा. झोपेतून दचकून उठून ती लेकीची टाळू हुंगायची. सासू बोलता बोलता श्वास घ्यायला थांबली, तरी ती हातातलं काम टाकून पेटीकडे बघायची.

एकदा शेजारीण ताक मागायला आली आणि दारातच थांबली. "काय गं गोजरा, देवळावानी वास येतुया तुझ्या घरात!"

गोजरा हसली. "देवापुढं धूप जाळलाय."

"रोजच जाळतीस व्हय?" शेजारीण म्हणाली आणि ताक घेऊन गेली. ती सहजच बोलली होती, पण गोजराला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पाऊस सरला. घरोघरी कपड्यांना वारा दिला गेला. अंगणाअंगणात गोधड्या, धोतरं, लुगडी फडफडू लागली. सासूने विचारलं, "शेला पसरला का?"

"कालच पसरला, आत्याबाई. तुम्ही रानात होता."

सासूने बघितलं. नेहमीसारखं नुसतं बघितलं आणि ती कामाला लागली. गोजराला वाटलं, कळलंय हिला. मग वाटलं, नाही कळलं. कळलं असतं तर बरं झालं असतं, असंही एकदा वाटून गेलं.

अशात कुंभाराच्या लेकीचं लग्न ठरलं. आठवड्यावर आलं तेव्हा गोजराने दार लावून घेतलं आणि पेटीचं झाकण त्या दिवसानंतर पहिल्यांदाच पूर्ण उघडलं. आतून वासाचा लोट आला आणि ती तोंड फिरवून मागे सरली. कापूर, केवडा, दवणा आणि त्याखाली कुजलेपण, सगळं एकात एक मिसळलं होतं. पदरावर काळे ठिपके पडले होते. तिने बोट लावलं तर धागा बोटाबरोबर निघून आला. ठिपके पदरावरच थांबले नव्हते. ते पुढच्या घडीत शिरले होते, आणि त्याच्या पुढच्या घडीतही एक बारीक ठिपका होता.

तिने अत्तराची कुपी उचलली. थोरल्या आईचं नाक म्हातारं झालंय, कदाचित फसेल. आणि नाही फसलं तर? गावासमोर, मांडवात, नवरीसमोर? नवरीचं तोंड तिच्या डोळ्यांसमोर आलं. मग आपल्या लेकीचं आलं. नुकते दात येऊ लागलेलं तोंड, आणि तिला शेला नाही. गोजरा मटकन खाली बसली आणि रडली.

रडतानाही तिची नजर त्या तिसऱ्या घडीतल्या ठिपक्यावर होती. आपण इथे बसून रडतोय आणि हा वाढतोय, हे तिला दिसलं. शेल्याचा मधला भाग अजून धड होता. उद्या तोही नसता.

तिने कुपी खाली ठेवली. शेला उचलला, दार उघडलं आणि भर दुपारी, सगळ्या आळीच्या देखत, तो पडवीतल्या दोरीवर टाकला.

बायका जमायला वेळ लागला नाही. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी नाकाला. कुंभारीण आली आणि आपल्या लेकीचा शेला बघून भिंतीला टेकली. कुणीतरी थोरल्या आईला हात धरून आणलं. सगळ्यांच्या मागून सासू आली. गर्दी आपोआप बाजूला झाली.

"कधी भिजला?" सासूने विचारलं.

"श्रावणात." गोजरा म्हणाली. "मी खांद्यावर घेऊन बघितला, आत्याबाई. घंगाळात पडला. तुमची भीती वाटली."

सासू कुजका पदर हातात घेऊन उभी राहिली. "ओलाच झाला हुता न्हवं?"

"व्हय."

"मग वाळत घालायचा, पोरी."

ती रागाने बोलली नाही, म्हणूनच गोजराला ते फार लागलं. मग सासू खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्या येळंला पेटी आली तवा म्याबी पांघरला हुता. या आळीत कुणी पांघरला न्हाई, ते सांगा." बायका जमिनीकडे बघू लागल्या.

थोरल्या आईने शेला हुंगला. तिचं नाक अजिबात म्हातारं झालेलं नव्हतं. तिने कात्री मागितली. कुजलेला सगळा भाग तिने स्वतः कापून काढला आणि उरलेला शेला रिठ्याच्या पाण्यात धुवायला लावला. तो चार दिवस सावलीला वाऱ्यावर राहिला. वास गेला. पेटी मात्र वर्ष भरायच्या आधीच दुसऱ्या घरी गेली.

"आणि माझी लेक?" गोजराने भीत भीत विचारलं. "तिला मिळंल का शेला?"

"मिळंल की," थोरली आई म्हणाली. "तू आपणहून भाईर आणलास. पर जेवढा उरलाय तेवढाच मिळंल."

कुंभाराच्या लेकीचं लग्न लागलं. गाठ बांधायचा पदरच गेला होता, त्यामुळे शेला ओढूनताणून कसाबसा उपरण्यापर्यंत पोचला. नवरी सात पावलं अंग चोरून चालली. त्यानंतर गावातली प्रत्येक लेक तशीच चालली, आणि प्रत्येक मांडवात गोजरा मागे उभी राहून ते बघत राहिली. बऱ्याच वर्षांनी तिच्या स्वतःच्या लेकीचं लग्न आलं. आईने शेला खांद्यावर घातला तेव्हा लेक म्हणाली, "आई, ह्यो एवढा तोकडा का गं?"

गोजराने तिला सगळं सांगितलं, मांडवात, सगळ्यांसमोर, आवाज न चोरता.

तर बाळगोपाळांनो, आणि त्यांना मांडीवर घेऊन बसलेल्या थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: भिजलेलं कापड आणि झालेली चूक, दोन्ही त्याच दिवशी उघड्यावर वाळत घालावीत.