झाकण लावून काढलेले फोटो

एकदा एक उघडा माळ होता. माळावर निवृत्तिनाना नावाचे वृद्ध आकाशनिरीक्षक राहत, आणि खालच्या वस्तीत घोंगड्या विणणारे तायाप्पा सणगर, त्यांची कारभारीण सारजा व लेक हौसा. हौसा ही नानांची शिष्या. दुर्बिणीला कॅमेरा जोडून दूरच्या तेजोमेघाची छबी टिपायची, हा तिचा ध्यास.

त्या वर्षी वेधशाळेत एक जागा भरायची होती. उत्तम छबी पाठवील त्याला ती मिळणार. हौसाने चार रात्री जागून फोटो काढले, तर तेजोमेघाभोवती नऊ लाल ठिपके उमटलेले. कोणत्याच नकाशात ते नव्हते. नवे तारे सापडले म्हणून तिने घरी सांगितले, आणि तिच्या आबांनी, तायाप्पांनी, ते बाजारभर केले. बापच तो.

छबी पाठवायच्या दिवशी पहाटे नानांनी ती पाहिली. उठून दुर्बिणीच्या तोंडाला झाकण लावले आणि म्हणाले, आता असेच वीस फोटो काढ.

हौसाला राग आला. "नाना, झाकणाचा फोटो कोण बघणार?"

"तू."

तिने काढले. आता बघा, त्या काळ्याकुट्ट फोटोंतही नऊच्या नऊ ठिपके, जागच्या जागी! आबांनी गावाला सांगितलंय, एवढेच ती म्हणाली.

नाना म्हणाले, "पोरी, हे ठिपके आकाशाचे नव्हेत, कॅमेऱ्याचे आहेत. यंत्राला स्वतःचे डाग असतात, तसे पाहणाऱ्यालाही असतात. आधी डोळे मिटून आपले डाग ओळखावेत, मग पाहिलेल्यातून ते वजा करावेत. उरेल ते खरं आकाश."

हौसाने संगणकावर ते डाग वजा केले. तारे गेले, पण कॅमेऱ्याचा बाकी बारीक कचराही गेला आणि त्याखाली दबलेली तेजोमेघाची तांबडी झालर उजळून वर आली. तिने छबी पाठवली, आणि सोबत आपली चूकही लिहून कळवली.

बाजारात लोकांनी छेडलेच. "काय तायाप्पा, तारे मावळले वाटतं?"

"मावळले नाहीत," तायाप्पा म्हणाले. "खोटे होते, माझ्या लेकीनं पुसले." आणि मिशीला पीळ देऊन ताठ मानेने पुढे गेले.

महिन्याभराने वेधशाळेने कळवले, आपली चूक आपण शोधणारी नजरच आम्हाला हवी होती. ज्या घरात कुणी नेमणुकीचा कागद कधी पाहिला नव्हता, त्या घरी तो आला. सारजेने आधी त्याला हळदकुंकू लावले, मग लेकीच्या हाती दिला.