सातव्या थराची वीट

त्या मुलखात तीन टेकड्या होत्या आणि तिन्हींच्या पोटात विस्तव होता. हा विस्तव विझत नसे. विटांच्या गोल भट्टीत कोंडून ठेवला तर वर्षानुवर्षे ऊब देई. बाहेर पडला तर त्याच्या राखेने ओढ्याचे पाणी कडू होई, आणि मग ते कडूच राही. पलीकडे चौथीही टेकडी होती. तिची भट्टी फुटली. आता तिथे गवत उगवत नाही.

पहिल्या टेकडीत साळिंदरे राहत, दुसरीत घोरपडी, तिसरीत मुंगसे. सगळ्या भट्ट्या एकाच काळी, एकाच मापाने बांधलेल्या. तेव्हा हद्दी नव्हत्या. पुढे हद्दी आल्या आणि भट्टी ही ज्याची त्याची अब्रू झाली.

चौथी फुटल्यावर तिघांनी ठराव केला. तिन्ही हद्दी मिळतात त्या माळावर दरवर्षी पारख भरवायची. प्रत्येकाने आपल्या भट्टीची एक वीट आणायची, माळावरच्या चुलाणात ती तापवायची, कुठे तडकते ते मिळून बघायचे आणि उपायही मिळून शोधायचा. ठराव चांगला होता. मात्र वीट कोणत्या बाजूची आणायची, हे ज्याने त्याने ठरवायचे होते. जो तो आपली सर्वांत चांगली वीट निवडी, तिला तेल चोळी आणि पानात गुंडाळून आणी, जशी मुलगी दाखवायला आणावी. नऊ वर्षांत एकही वीट तडकली नाही. नऊ वर्षे तिघेही एकमेकांचे कौतुक करून घरी गेले.

साळिंदरांची वीट काढायचे काम म्हाताऱ्या रखमाजीकडे होते. तो नखाने भिंत वाजवी आणि कान देई. उत्तरेची बाजू खणखणीत वाजे. दक्षिणेचा सातवा थर यंदा बद्द वाजला.

त्याच भिंतीला लागून त्याच्या लेकीचे बीळ होते. भागू नुकतीच बाळंत झाली होती. तीन पिल्ले, काटे अजून मऊ.

"बाबा, यंदा भिंत किती ऊबदार झालीय," ती म्हणाली. "पिल्लं तिथून हलत नाहीत."

रखमाजीने भिंतीला पंजा लावला आणि लगेच काढून घेतला.

"बिऱ्हाड हलव."

"आणि जाऊ कुठं? भट्टीच फुटली तर कुणाचं बीळ राहणार आहे?"

तिने थट्टा केली होती. रखमाजी हसला नाही. तो सरळ म्होरक्याकडे, बाजीबाकडे गेला.

"दक्षिणेची भिंत अधू झालीय," तो म्हणाला.

"लिंपून घे."

"तापलेली भिंत नुसती लिंपून धरत नाही. घोरपडींकडं चिकाची माती आहे. मुंगसांना वारा खेळवायचं भुयार खणता येतं. दोन्ही लागेल. विचारावं लागेल."

"विचारायचं म्हणजे सांगायचं," बाजीबा म्हणाला. "आपली भट्टी अधू आहे असं कळलं की मुंगसं हद्दीत येऊन बसतील. तू उत्तरेची वीट काढ. तेल मी देतो."

रखमाजीने तेल घेतले. वीट काढली आणि पानात गुंडाळली.

माळावर पारख भरली. साळिंदरांची वीट चुलाणात गेली आणि पहिल्याच आचेला तडकली. तो आवाज सगळ्या माळाने ऐकला. बाजीबाचे काटे उभे राहिले.

मुंगसांचा पुढारी सोनबा मिशीतल्या मिशीत हसला. "काय बाजीबा, यंदा सून नवी आली वाटतं भाजायला?"

"वीट चुकून दुसरी आली," बाजीबा म्हणाला.

"चुकून नाही," रखमाजी म्हणाला. "दक्षिणेची आहे, सातवा थर. अख्खा थर असाच आहे."

बाजीबाने त्याच्याकडे पाहिले नाही. "आता टेकडीवर येऊ नकोस," तो हळू म्हणाला.

"भिंत दुरुस्त करा. मी कुठंही राहीन."

घोरपडींची कोंडाआत्या तडकलेल्या विटेजवळ आली. तिने तडा निरखून पाहिला आणि ती निघून गेली. सोनबा म्हणाला, "आत्याबाई धास्तावल्या." कोणी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. पाठीवर वीट होती, पान नाही, तेल नाही. तिने ती रखमाजीच्या विटेपासून एका विटेचे अंतर सोडून ठेवली. दोन्ही विटांवर तडा एकाच उंचीला होता, एकाच बाजूला झुकलेला.

"चार वर्षं झाली," ती म्हणाली. "रोज सकाळी तिथं कान लावते. घरच्यांना बोलले नाही. तुमची भिंत खणखणीत वाजते असं दरसाल ऐकायची, आणि आपल्याच हातचं काहीतरी चुकलं असेल म्हणून मान खाली घालायची." मग रखमाजीकडे वळून म्हणाली, "चिकाची माती लागेल तेवढी ने. पण भुयाराशिवाय ती टिकणार नाही. आमच्या भिंतीवर टिकली नाही."

सगळे सोनबाकडे बघू लागले.

"भुयार खणायला आमची ना नाही," सोनबा म्हणाला. "पण आधी भट्ट्या नीट राखायला शिका. आमची माती वेगळी आहे. आमच्यात असलं काही होत नाही. उद्या दक्षिणेचीच आणतो, सातव्या थराची. डोळ्यांनी बघा."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने वीट आणली. गुळगुळीत होती, काळीभोर, चमकणारी. त्याने ती मधल्या जागेत बसवली आणि मागे सरकला.

डावीकडच्या विटेवरचा तडा मधल्या विटेच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता. उजवीकडच्या विटेवर तो पुन्हा सुरू झाला होता. मध्ये काही नव्हते. बाजीबाने सुस्कारा सोडला. रखमाजीने वाकून वास घेतला. ओल्या गाऱ्याचा वास होता. तो विटेसमोर बसून राहिला.

ऊन वर आले. विटेचा काळा रंग कडेकडेने फिका पडू लागला. डाव्या कडेला केसाएवढी रेघ उमटली आणि सावकाश उजवीकडे सरकू लागली.

सोनबा पुढे आला आणि विटेवर आपली सावली धरून उभा राहिला.