टाका नसलेलं ऑपरेशन

“टाकं कुठं हाईत मग?”

शेवंतानं लेकीचा फ्रॉक दोन बोटांनी वर धरला होता. तीन वर्षांची स्वरा उताणी पडून शेजारच्या बिस्किटाच्या पुड्याकडे बघत होती. छातीवर साधा ओरखडा नव्हता.

डॉ. निरंजन हसला. परदेशात सहा वर्षं शिकून तो महिन्यापूर्वीच मिरजेच्या या इस्पितळात आला होता. सकाळी ऑपरेशनच्या वेळी इथल्या ज्येष्ठ हृदयतज्ज्ञ देवस्थळी मॅडमच्या शेजारी उभं राहून त्यानं जे पाहिलं, त्यानंतर त्याचे पाय अजून जमिनीला टेकले नव्हते.

“टाके नाहीतच, ताई. गंमत तीच आहे. जांघेतल्या शिरेतून एवढीशी नळी घातली, थेट हृदयापाशी नेली. जन्मल्यावर मिटायला हवी होती ती एक रक्तवाहिनी हिची उघडीच राहिली होती. तिच्यात बूच बसवलं. पाऊण तासात.”

“उघडलंच न्हाई, तर बुजवलं कसं?”

त्यानं फोनवर चित्रफीत लावली. “हे बघा, इथून रक्त भलतीकडे जात होतं. आणि आता… बंद.”

शेवंतानं ती शेवटपर्यंत बघितली. मग पिशवीत कपडे कोंबायला लागली.

“माझ्या जावंच्या पोराला गळ्यापास्नं बेंबीपतूर टाकं पडलं हुतं. तुमी शिकाऊ दिसताय, सायेब. आमी दुसरीकडं दावतो.”

“अहो, हिला उचलू नका. पाय सरळच राहायला हवा संध्याकाळपर्यंत. जांघेतून रक्त सुटेल.”

“टाका न्हाई म्हनता, आन् रगात सुटंल म्हनता.”

ती स्वराच्या पाठीखाली हात घालणार, तेवढ्यात त्याला दारात मॅडम दिसल्या. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे.

“मॅडम, तुम्ही तरी सांगा यांना.”

मॅडम पुढं आल्या, शेवंताचा तळवा धरला आणि स्वराच्या छातीवर ठेवला.

शेवंता थबकली…

तळवा जरा डावीकडे सरकला. मग वर. तिच्या तोंडावरचा रंग उडाला.

“गुरगुर कुठं गेली? रातच्याला हात ठिवला की मांजरावानी गुरगुरायचं हितं… थांबली का काय पोर?”

“आई, बिस्कीट,” स्वरा म्हणाली.

शेवंता लेकीकडे बघत राहिली. मग खाटेला धरून खालीच बसली. हात मात्र जागचा हलला नाही. ती रडत होती की हसत होती, निरंजनला कळेना.

“गप झालं की वो सायेब. नळ बंद केल्यावानी. तुमी बी हात ठिवून बघा की.”

त्यानं हात ठेवला. तळव्याखाली एक साधं, शांत, ठाक ठाक वाजणारं काळीज. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

व्हरांड्यात तो मॅडमना गाठायला जवळजवळ पळालाच.

“उद्याची केस, मॅडम. वाळव्याचा मुलगा. नळी मी घालू? सगळी मोजमापं मला पाठ आहेत. अरुंद झडप किती मिलिमीटर, ती रुंद करायचा फुगा केवढा…”

मॅडम थांबल्या. व्हरांड्याच्या टोकाला त्या वाळव्याच्या मुलाची आई त्याला मांडीवर घेऊन बसली होती.

“तिचा हात कुठं आहे, ते आधी बघून ये.”