पडक्या शाळेतली सोबत

समाजकार्य महाविद्यालयाचं शिबिर एका गावात आलं. सरपंचांनी विद्यार्थ्यांची सोय देवळात केली. पारधी समाजातल्या सुनयनाला मात्र त्यांनी गावाबाहेरच्या पडक्या शाळेत झोपायला सांगितलं. तिथं विहिरीत बुडालेल्या बाईचं भूत फिरतं, असं गाव म्हणायचं. सामाजिक न्याय शिकवणारे सरंजामे सर तिला एवढंच म्हणाले, "घे जरा सांभाळून."

सकाळी सगळे शाळेपाशी आले, तर ओट्यावर ओल्या पावलांचे ठसे होते. सुनयना शांतपणे केस विंचरत बसली होती.

सरपंचांनी दबक्या आवाजात विचारलं, "ती आली होती?"

"आली होती. उशाशी बसून राहिली. या गावात माझी जात न विचारणारी ती एकटीच भेटली."

संध्याकाळी सगळ्यांच्या वळकट्या शाळेत आल्या. सर्वांत आधी सरांची आली.