भाषण सामन्यानंतर

कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की पेठा ओस पडतात, पण बेलबाग तालमीच्या संघाच्या सामन्याला हल्ली गॅलरीच ओस पडू लागली होती. अध्यक्ष रावसाहेब इंगवल्यांनी चिटणीस दस्तगीर मुजावरला फर्मावलं, "पोरं टीव्हीवर परदेशी फुटबॉल बघत लोळत्यात. रविवारी गॅलरी भरली नाही, तर चिटणीसपद सोडायचं!"

दस्तगीरला खरं दुखणं ठाऊक होतं. प्रत्येक सामन्याआधी फेटे, शाल-नारळ आणि रावसाहेबांचं भाषण व्हायचं. तोवर उन्हात उभे खेळाडू सुकून जायचे आणि बघे कंटाळायचे.

"भरतो की. तेवढं भाषण सामन्यानंतर ठेवू, सायेब. जिंकल्यावर शोभून दिसतं."

रावसाहेब खुशीनं फुगले. दस्तगीरनं भोंग्याची रिक्षा लावून हीच बातमी पेठभर फिरवली.

रविवारी गॅलरीत मुंगी शिरायला जागा नव्हती. आरोळ्यांनी मैदान दणाणलं, बेलबाग जिंकली. रावसाहेबांनी फेटा सावरला, माइक हातात घेतला, "बंधू-भगिनींनो" म्हणून मान वर केली. गॅलरीत शेंगांची टरफलं तेवढी उरली होती.

"दस्तगीर, लोकं कुठं गेली?"

"सायेब, आणायचं काम माझ्याकडं होतं, ते झालं. थांबवायचं काम भाषणाकडं होतं."