प्रभारी पती

साळूबाईच्या धाकट्याला पहिले काटे फुटले, त्या वर्षीची ही गोष्ट. सावळदरीच्या रानात तेव्हा वाघ राज्य करायचा, म्हणजे झोपायचा. झोपेत कूस बदलताना त्याच्या तोंडून जे निघेल तो हुकूम.

त्या वर्षी हुकूम निघाला, की पाणवठ्याची मुखत्यारी यंदा मादीकडे राहील.

पाणवठ्याचा जुना मुखत्यार डबरेराव डुक्कर. त्याने वरच्या अंगाला ओढा अडवून स्वतःला लोळायला डबकं केलं होतं. त्याला तो जलसंधारण म्हणत असे. खाली पाणवठ्यावर उरला होता चिखल. मग रानातली लहानथोर मगरीच्या डोहावर पाणी प्यायला जात, आणि जेवढी जात तेवढी परत येत नसत. सशिणीचं पोर तिथेच गेलं. त्या दिवशी साळूबाई साळिंदरीण निवडणुकीला उभी राहिली. तिचं मागणं एवढंच होतं, की तो बांध फुटावा आणि आपल्या पोराने घराजवळ पाणी प्यावं.

डबरेराव घाबरला नाही. त्याने बायकोला उभं केलं. फलकावर त्याचं तोंड सुपाएवढं, आणि त्याच्या कानामागून डुकरिणीचा एक डोळा. खाली लिहिलेलं: ‘मत द्या वहिनींना, काम सांगा दादांना.’

साळूबाईचा नवरा मागच्या वणव्यात गेलेला. रानातल्या नरांनी या गोष्टीवर फार खोल विचार केला. लांडग्याला वाटलं, हिला नवरा नाही, म्हणजे कारभार कुणीतरी बघावा लागणार. तो मीच बघेन. तरसालाही तसंच वाटलं. माकडाने तर कारभार बघायला सुरुवातही केली होती. प्रत्येकाने दुसऱ्याला पत्ता लागू न देता साळूबाईला मत दिलं. डुकरिणीला एकच मत पडलं, ते डबरेरावाचं. तिचं स्वतःचंही तिला पडलं नाही.

शपथेच्या दिवशी चिटणीस कोल्ह्याने विचारलं, “सही कोण करणार?”

“मी.”

“ती तर होईलच हो, बाई. पण खरी सही?”

“खरीच करते.”

“यजमान कुठायत?”

“वारले.”

“हरकत नाही,” कोल्हा म्हणाला, “सावकाश येऊ द्या. आम्ही थांबतो.”

आणि सगळे खरंच थांबले. आसपासच्या रानांत मादीची मुखत्यारी आधीच येऊन गेली होती, त्यामुळे रीत सगळ्यांना पाठ होती. हार नवऱ्याच्या गळ्यात. खुर्चीवर नवरा. मुखत्यारीण चहाच्या कपबशा मोजत आत. इथे नवराच नाही म्हटल्यावर सभा उघडावी कशी? लांडगा म्हणाला, मी बसतो. तरस म्हणाला, तू बसशील तर मी उठवीन. संध्याकाळपर्यंत पुष्कळ लचके तोडले गेले. शेवटी सर्वानुमते ठराव झाला, की मुखत्यारबाईंना रीतसर नवरा मिळेपर्यंत एक प्रभारी पती नेमण्यात यावा.

कुणालाच नको असलेला, म्हणून सगळ्यांना चालणारा, असा एकच जण निघाला. म्हातारा अण्णा कासव. तो कुणाच्या अध्यात नव्हता, मध्यात नव्हता. काही विचारलं, की मान आत घ्यायचा.

“अण्णा, तुम्हाला मंजूर आहे ना?” कोल्ह्याने विचारलं.

अण्णाने मान आत घेतली.

“साहेब विचारात आहेत,” कोल्हा म्हणाला. “लिहा, मंजूर.”

साळूबाईने पहिल्याच सभेत बांध फोडायचा विषय काढला. सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत नुसती पाठ होती.

“साहेब विचारात आहेत,” कोल्हा म्हणाला. “त्यांची मान बाहेर आली की बघू.”

दुसऱ्या सभेत तेच, तिसऱ्या सभेतही तेच. मान आली नाही. दरम्यान भेकरिणीचं पाडस डोहावर गेलं, ते घरी आलं नाही. साळूबाईने मग विषय काढणं सोडलं आणि ती बांधावर जाऊन नखांनी माती उकरायला लागली. थोड्या वेळाने मागे सुस्कारा ऐकू आला. डुकरीण उभी होती.

“भागाक्का, अडवायला आलीस का?”

“छे गं. सरक जरा. नखांनी कधी फुटायचा हा? मुसकट घालावं लागतं.”

“तुझ्या मालकाचा बांध आहे.”

“बांध त्यांचा, डबकं त्यांचं, चिखल त्यांचा. मला कधी लोळू दिलंय त्यात? काठावर उभं राहून त्यांची पाठ खाजवायची, एवढीच माझी सोय.” तिने मुसंडी मारली. “आणि मत मी तुलाच दिलं हो. सांगू नकोस कुठं.”

भेकरीण आली, सशीण आली. दिवस मावळायच्या आत पाणी खाली गेलं. साळूबाईचा धाकटा पाणवठ्यावर पोट फुगेस्तोवर प्यायला.

मग सत्कार ठेवणं भाग पडलं. अध्यक्षस्थानी डबरेराव. तो गदगदून म्हणाला, “बंधुभगिनींनो, आजची मादी कुठल्याच क्षेत्रात मागे नाही. आमच्या साळूताईंनी बांध फोडला, पण आधी पोरांची कंदमुळं करून ठेवली आणि मग फोडला. याला म्हणतात संस्कार. आणि खरं श्रेय कुणाचं? ज्यांनी त्यांना घराबाहेर पडू दिलं त्यांचं.”

टाळ्या झाल्या. ‘रानरत्न’ पुरस्कार अण्णांच्या पाठीवर ठेवण्यात आला. विनापरवाना खोदकामाची नोटीस साळूबाईंना देण्यात आली. हार मात्र दोघांसाठी आणले होते. साळूबाईंचा काट्यांत अडकेल म्हणून तोही अण्णांनाच घातला.

साळूबाईला बोलायला सांगितलं. विषय दिला होता, ‘घर सांभाळून हे सगळं कसं जमतं?’

ती म्हणाली, “बांध फोडायला अवघड नव्हता. माती भुसभुशीत होती. कुणी हात लावला नव्हता, एवढंच.”

लोकांना भाषण आवडलं नाही. त्यात संघर्ष कमी होता.

पुढच्या सभेत डबरेरावाने बांध पुन्हा घालायचा ठराव आणला. लांडगा, तरस, माकड, सगळे बाजूने. ओल्या मातीचे ढिगारे तयार होते. साळूबाई उठली, खुर्चीपाशी गेली, वाकून आत पाहिलं.

“साहेब विचारात आहेत,” ती म्हणाली.

“अहो बाई, हे काय,” डबरेराव म्हणाला. “इथे मुखत्यार तुम्ही आहात. तुम्हीच करा की सही.”

“मी बाईमाणूस. मालकांच्या पुढे कशी जाऊ?”

कोल्ह्याने नियम उलटेपालटे करून पाहिले. नियम त्यानेच केलेले होते. ठराव खुर्चीपुढे ठेवण्यात आला आणि तिथेच राहिला. पाणी वाहत राहिलं.

साळूबाई त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, वैशाखातल्या अमावास्येला वारली. सभेने प्रभारी पतींचं सांत्वन केलं. भागाक्का पुढच्या थंडीत गेली. मुखत्यारीची जागा तेव्हापासून रिकामी आहे; निवडणूक कधी घ्यायची, हे प्रभारी साहेब ठरवणार आहेत, आणि कासवाचं आयुष्य फार मोठं असतं.