व्हॉल्व्हचा मान

डेअरीची नवी पंपरूम मिराशी साहेबांनी स्वतः आखली. पंप भिंतीला असा खेटवला, की वाचलेली जागा शेजारच्या त्यांच्या केबिनला मिळाली. मुख्य व्हॉल्व्ह मात्र पंपामागच्या अरुंद फटीत राहिला.

"साहेब, दुरुस्तीला माणूस आत जायचा कसा?" फिटर केरबानं विचारलं.

"अंग चोरून! माझ्या नकाशात सगळं बसतंय," साहेब गुरकावले.

खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेसाठी सगळे कामगार जमले. साहेब पंपाला कुंकू लावणार, तोच केरबा हात जोडून म्हणाला, "साहेब, पहिला मान मागच्या व्हॉल्व्हचा. जुन्या पंपरूममध्येही तेव्हाचे मोठे साहेबच त्याला कुंकू लावायचे."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? साहेब रेशमी झब्ब्यासकट तिरके होऊन आत शिरले आणि पोटाशी अडकले. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

"केरबा, बघतोस काय? बाहेर काढ मला!"

केरबानं शांतपणे खिशातून मापाची टेप काढली.

"काढतो साहेब, पण जरा हलू नका. नकाशात माणूस धरायचा राहून गेला होता. आता आयताच आत सापडलाय, तर माप घेऊन ठेवतो."